इंजिन हवा खातंय!

बालमित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत थंडगार कोकम सरबत नळीने प्यायला किती मजा येते, नाही? पण कधी कधी एक गंमत होते. आपण जोर लावून ओढतो, गाल पार आत जातात, नळीतून फुर्र फुर्र आवाज येतो आणि सरबत काही तोंडापर्यंत पोचत नाही! नीट पाहिलं तर कळतं, की नळीला मधेच एक बारीक चीर गेलेली आहे. त्या चिरेवर बोट ठेवलं, की झालं! सरबत पुन्हा सुर्रकन वर येतं.

तुम्ही म्हणाल, "बाई, यात सांगण्यासारखं काय आहे? हे तर आम्हांला ठाऊकच आहे." पण मुलांनो, अशाच एका चिरेपायी आमच्या घरची जुनी मोटार भंगारात निघाली होती. एवढंच नाही, तर माझ्या वडिलांची तीस वर्षांची मैत्री तुटायची वेळ आली होती. आणि ती वेळ कुणी आणली होती, माहीत आहे? तुमच्यासारख्या मुलांना रोज "आधी विचार करा, मग बोला" असं सांगणाऱ्या या बाईंनीच! कशी ते सांगते.

आमची अँबॅसेडर

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत चालक होते. त्यांनी खूप वर्षांपूर्वी एक जुनी अँबॅसेडर घेतली. १९८६ सालची, पांढऱ्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही गाडी फक्त सिनेमातच पाहिली असेल. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा गावात हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचा साचा इंग्लंडच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड' या मोटारीवरून घेतलेला. आमच्या गाडीतलं १४८९ सीसीचं इंजिनही मूळचं इंग्लंडचंच, 'बी-सिरीज' घराण्यातलं. गंमत म्हणजे तिकडे याच घराण्याचं, एवढ्याच आकाराचं इंजिन 'एमजीए' नावाच्या झोकदार स्पोर्ट्स कारमध्ये बसवत. म्हणजे आमची गोलमटोल अँबॅसेडर आणि ती चपळ एमजीए या चक्क मावसबहिणी!

या गाडीतून आमची अख्खी गल्ली फिरली आहे. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाच्या मुलीची पाठवणी असो, अण्णा गाडी काढायचे. मी डी. एड.ला गेले तेव्हा माझी ट्रंकही याच गाडीतून गेली.

गाडी म्हातारी झाली. धूर सोडायला लागली. तेव्हा मी ठरवलं, की अण्णांसाठी इंजिन नवं करून घ्यायचं. साठवलेले पैसे काढले आणि गाडी दिली मिस्त्रीकाकांकडे. मिस्त्रीकाका म्हणजे अण्णांचे जुने दोस्त. त्यांनी इंजिन उतरवलं, सिलिंडर बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घातली. महिनाभरानं गाडी घरी आली. अण्णांनी नारळ फोडला. आईनं गाडीला ओवाळलं.

पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी गाडी चौकात बंद पडली.

रोग एक, उपाय दहा

लक्षणं मोठी चमत्कारिक होती. गाडी रस्त्यावर पळायला लागली, की तक्रार नाही. पण उभी केली, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिन कधी उगाच जोरात फिरायचं, कधी दम लागल्यासारखं थरथरायचं, आणि मधेच 'फट्' असा आवाज करून बंद पडायचं. सकाळी चोक ओढलेला असला, की मात्र ठीक चालायचं.

मग काय! आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. एक म्हणाला, "प्लग बदला." बदलले. दुसरा म्हणाला, "पॉइंट घासा." घासले. तिसऱ्यानं कार्बुरेटर उघडून साफ केला, चौथ्यानं त्याचे स्क्रू फिरवले. पैसे जात होते, गाडी तशीच. शेवटी एका गॅरेजमध्ये मला सांगितलं, "ताई, तुम्हांला फसवलंय. आत जुनेच पिस्टन घातले असणार."

मुलांनो, राग आला ना, की डोकं चालत नाही. मी तशीच तरातरा मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात गेले. तिथं चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणाले, "काका, जुने पिस्टन घालून नव्याचे पैसे घेतलेत ना?"

काका काहीच बोलले नाहीत. कापडाला हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "पोरी, गाडी एकदा आणून दाखव."

मी गाडी नेली नाही. घरी हे कळल्यावर अण्णाही गप्प झाले. रोज संध्याकाळी काकांकडे चहाला जायचे, ते जाणं बंद झालं. दोन आठवडे असेच गेले. एक दिवस अण्णा म्हणाले, "भंगारवाल्याला सांगितलंय. रविवारी येतो म्हणाला. जाऊ दे ती गाडी."

आणि शनिवारी दुपारी, हातात पानांची पिशवी घेऊन, मिस्त्रीकाका स्वतःच आमच्या दारात उभे राहिले.

इंजिन श्वास कसा घेतं?

काकांनी काय केलं ते सांगते. पण त्याआधी थोडं विज्ञान. घाबरू नका, परीक्षा नाही!

आपण सरबत 'ओढतो' असं म्हणतो. खरं तर आपण ते ओढत नाहीच. आपण फक्त नळीतली हवा कमी करतो. बाहेरची हवा सरबतावर दाब देत असते. तीच सरबताला नळीत वर ढकलते. हवेला असा दाब असतो हे इटलीच्या टॉरिचेलीनं १६४३ साली पाऱ्याच्या नळीनं दाखवून दिलं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो. पुढे जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचा महापौर ऑटो फॉन गेरिके यानं तर कमालच केली. त्यानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून आतली हवा पंपानं काढून टाकली. दोन्ही बाजूंना घोडे जुंपले तरी ते अर्धगोल सुटता सुटेनात! बाहेरच्या हवेनंच ते घट्ट दाबून धरले होते.

मोटारीचं इंजिनही नळीनं सरबत पिणाऱ्या मुलासारखंच असतं. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली जातो, आत जागा रिकामी होते आणि बाहेरची हवा आत घुसते. वाटेत कार्बुरेटर असतो. तो या हवेत पेट्रोलचे बारीक तुषार मिसळतो. हे मिश्रण 'मॅनिफोल्ड' नावाच्या नळकांड्यातून सिलिंडरपर्यंत जातं, तिथं दाबलं जातं, ठिणगी पडते, पेट घेतं आणि गाडी चालते.

आता मिश्रणाचं प्रमाण बघा. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलसाठी साधारण ९ हजार लिटर हवा! गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा नऊ टाक्या भरून हवा. हवा फार कमी झाली, तर काळा धूर येतो. आणि हवा फार जास्त झाली, तर मिश्रण 'पातळ' होतं. ताकात पाणी फार झालं, की ताकाची चव जाते ना, तसंच. मग ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही.

आणि ही जास्तीची हवा कुठून येते? कार्बुरेटरच्या पुढे कुठे तरी फट असली, की तिथून! मिस्त्री लोक म्हणतात, "इंजिन हवा खातंय."

काकांचा पहिला प्रश्न

अण्णा ओसरीवर आले, पण बोलले नाहीत. काकाही काही बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं. माझी आठवीतली भाची सुट्टीला आली होती, ती लगेच जाऊन शेजारी उभी राहिली.

"आजोबा, काय बिघडलंय?" तिनं विचारलं.

"काय बिघडलंय ते मागाहून. आधी सांग, केव्हा बिघडतं?"

बघा हं मुलांनो, केवढा मोठा फरक आहे! आम्ही सगळे 'काय' म्हणून विचारत होतो. काकांनी 'केव्हा' विचारलं. त्या एका प्रश्नानं निम्मं कोडं सुटलं. कसं ते पाहा.

गाडी उभी असताना कार्बुरेटरमधली झडप जवळजवळ बंद असते. इंजिनाला अगदी थोडीच हवा मिळते आणि मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब खूप कमी होतो. अशा वेळी फटीतून येणारी थोडीशी हवाही एकूण हवेच्या मानानं पुष्कळ होते. शिवाय बाहेरची हवा जोरानं आत घुसते. गाडी पळते तेव्हा झडप उघडलेली असते; भरपूर हवा आत जात असते. मग त्या फटीतली चिमूटभर हवा कुठच्या कुठं हरवून जाते. म्हणून फटीचा रोग उभ्या गाडीत दिसतो, पळत्या गाडीत लपतो. पिस्टन झिजके असते, तर गाडी चढावर दमली असती, निळा धूर सोडला असता. तसं तर काहीच होत नव्हतं!

"आणि चोक ओढला की बरी चालते," भाची म्हणाली.

"शाब्बास! चोक ओढला म्हणजे काय झालं?"

"पेट्रोलचं प्रमाण वाढलं."

"मग रोग कशाचा?"

"पेट्रोल कमी पडतंय... नाही तर हवा जास्त होतेय!"

"कार्बुरेटर तर दोनदा साफ झाला. म्हणजे आता संशय कुणावर?"

"हवेवर!" भाची ओरडली. मी मात्र मान खाली घातली. माझा संशय दोन आठवडे माणसावर होता.

चोराचा माग

काकांनी पिशवीतून घड्याळासारखं एक गोल यंत्र काढलं. त्याला म्हणतात व्हॅक्यूम गेज. त्याची नळी मॅनिफोल्डला जोडली, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे ते काटा दाखवतो. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन उभं असताना काटा साधारण ४३ ते ५३ सेंटिमीटरच्या दरम्यान स्थिर राहतो. आपण जसजसे उंचावर जाऊ तशी हवाच विरळ होते, म्हणून आकडाही उतरतो. मुंबईत जेवढा दिसेल त्यापेक्षा महाबळेश्वरला तो सुमारे ११ सेंटिमीटर कमी दिसेल. आमचं गाव साताऱ्याजवळ, समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंच. म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर वजा करायचे. पण आमचा काटा होता ३० वर, आणि तोही थरथरत!

"म्हणजे हवा खातंय हे नक्की," काका म्हणाले. "आता कुठून, ते शोधायचं. एका वेळी एकच जागा. दोन गोष्टींना एकदम हात लावायचा नाही. नाही तर बरं कशानं झालं ते कळत नाही."

मला आमच्या गाडीवर झालेले सगळे उपाय आठवले. प्लग, पॉइंट, स्क्रू, सगळं एकदम!

पहिली जागा होती कार्बुरेटरपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी. काकांनी ती काढून भोकावर बोट ठेवलं. काटा हलला नाही. म्हणजे ही निर्दोष.

दुसरी जागा होती कार्बुरेटर जिथं मॅनिफोल्डवर बसतो तो सांधा. काकांनी आईकडून इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली मागून घेतली. तीत साबणाचं पाणी भरलं आणि सांध्यावर हलकेच फवारलं. फट असेल तर क्षणभर पाण्यानं बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही. हाही निर्दोष.

मग त्यांनी इंजिन बंद केलं, जरा निवू दिलं आणि चारही प्लग काढून ओसरीवर ओळीनं मांडले. "पोरी, बघ. काय दिसतं?"

या वेळी 'पोरी' मला होतं. मी वाकून पाहिलं. तिसरा आणि चौथा प्लग बिस्किटाच्या रंगाचे, छान तपकिरी. पहिला आणि दुसरा मात्र पांढुरके, राखेसारखे!

हा सगळ्यात मोठा पुरावा होता. या इंजिनाची एक खासियत आहे. सिलिंडर चार, पण मिश्रण आत जायची भोकं मात्र दोनच. पुढचं भोक पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरमध्ये वाटून घेतलेलं, मागचं तिसऱ्या-चौथ्यात. जळका धूर बाहेर पडायला तीन भोकं. अशी एकूण पाच भोकं एका ओळीत. आता विचार करा. फट कार्बुरेटरपाशी असती, तर जास्तीची हवा चौघांनाही मिळाली असती आणि चारही प्लग पांढरे झाले असते. पांढरे दोनच. तेही शेजारी-शेजारी. म्हणजे चोर कुठं लपलाय?

बरोबर! पुढच्या भोकापाशी, जिथं मॅनिफोल्ड इंजिनाला जोडलेला असतो त्या सांध्यात.

काकांनी प्लग पुन्हा बसवले, इंजिन सुरू केलं आणि हातभर लांबीची रबरी नळी भाचीच्या हातात दिली. स्वतः तिचा हात धरून, पंख्यापासून दूर ठेवून, नळीचं एक टोक सांध्याजवळ फिरवलं. दुसरं टोक तिच्या कानाला. सगळ्या इंजिनाच्या धडधडीत तिला एके ठिकाणी बारीक 'सुस्स्स' ऐकू आलं. "इथं, आजोबा! इथं साप आहे!" काकांनी तिथं साबणाचा फेस लावला. फेस पाहता पाहता आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर बदलला.

चोर सापडला!

नखाएवढा तुकडा

काकांनी आधी पान्यानं नट आवळून पाहिले. ते घट्टच होते. तेव्हा रविवारी सकाळी मॅनिफोल्ड खोलायचा ठरला. भंगारवाला अकराला येणार होता. काका सातलाच आले.

मॅनिफोल्ड खाली आला. काकांनी त्याच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं. पट्टीखालून उजेड दिसला, तर पृष्ठभाग वाकडा समजायचा. उजेड दिसला नाही. मग डोळे मिटून ते बोटाचं नख त्या पृष्ठभागावरून फिरवू लागले. एका जागी नख अडलं. काकांनी चष्मा चढवला, पात्यानं हलकेच खरवडलं आणि तळहातावर काही तरी घेऊन अण्णांसमोर धरलं.

जुन्या पॅकिंगचा चिकटून राहिलेला तुकडा. नखाएवढा. जाडी पोस्टकार्डाएवढी.

सांध्यात बसवतात त्या पातळ पत्र्याला मिस्त्री 'पॅकिंग' म्हणतात. नवं पॅकिंग बसवताना जुन्याचा कण न् कण काढायचा असतो. हा एक तुकडा राहिला. त्यामुळे मॅनिफोल्ड त्या बाजूला केसभर उचललेला राहिला. नव्या पॅकिंगनं चार दिवस निभावलं. मग तापून आणि निवून तेही ढिलं पडलं.

काका म्हणाले, "माझीच चूक. घासताना नजर चुकली."

एवढंच. ना सबब, ना पोरावर ढकलणं. खरं तर त्यांच्या गॅरेजात दोन पोरं कामाला आहेत. "पोरानं केलं" म्हणता आलं असतं. त्यांनी म्हटलं नाही.

मी गप्प उभी होते. इतक्यात आई माळ्याच्या शिडीवरून खाली उतरली. तिच्या हातात एक गोणपाटाची पिशवी होती. "अगं, गाडी आली त्या दिवशी यांनी हे दिलं होतं. मी वर ठेवलं आणि विसरून गेले." तिनं पिशवी ओसरीवर ओतली. खणखण आवाज झाला. काळे, झिजलेले, ओरखडे पडलेले चार पिस्टन. आमचे जुने पिस्टन! काकांनी ते पहिल्याच दिवशी परत दिले होते. मग ते इंजिनात असतील कसे?

पुरावा सबंध वेळ आमच्याच माळ्यावर होता. मी शिडी चढून पाहिलंच नव्हतं.

बालमित्रांनो, त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. काकांची चूक झाली होती, हे खरं. पण मी त्यांना लबाड म्हटलं होतं. चूक नखानं खरवडून निघते. लबाडीचा डाग चार लोकांत एकदा लावला, की तो पुसायला फार कष्ट पडतात.

काकांनी नवं पॅकिंग बसवलं. नट आवळताना मधल्यापासून सुरुवात केली आणि थोडे थोडे आवळत कडेला गेले. एकच नट एकदम आवळला तर सांधा तिरपा बसतो. मग लोकांनी फिरवलेले कार्बुरेटरचे स्क्रू परत जागेवर आणले. इंजिन सुरू झालं. गेजचा काटा ४३ वर जाऊन थांबला. आमच्या उंचीला हे झकास! काटा जरासुद्धा हलेना. अण्णांनी रेडिएटरवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी किंचित थरथरत होतं, पण थेंबभरही सांडलं नाही.

"वेळेवर सापडलं," काका म्हणाले. "पातळ मिश्रणावर जास्त दिवस पळवली असती, तर आतलं तापमान वाढून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाले असते. नवं इंजिन पुन्हा उतरवावं लागलं असतं."

अकराला भंगारवाला आला. अण्णांनी त्याला चहा पाजला. तो काही रिकाम्या हातानं गेला नाही. जुने पिस्टन वजनावर घेऊन गेला. तीनच. चौथा मी मागून ठेवून घेतला.

सोमवारी शाळेत जाण्याआधी मी गॅरेजात गेले. गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं. चारचौघांत बोलले होते, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी होती. मी म्हणाले, "काका, मी खोटा आळ घेतला. माझं चुकलं." काका हसले आणि पोराला म्हणाले, "बाईंना खुर्ची दे." संध्याकाळी अण्णा त्यांच्याकडे चहाला गेले, ते अंधार पडेपर्यंत परतले नाहीत.

तो पिस्टन आता माझ्या वर्गात टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवते. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली आणि कुणी कुणावर आळ घेतला, की मी फक्त त्या पिस्टनकडे बोट दाखवते. पोरं म्हणतात, "आधी माळ्यावर बघूया!"

तुम्ही करून पाहा

सरबताची नळी घ्या. टोकापासून चार बोटांवर टाचणीनं एक भोक पाडा. हे काम मोठ्यांसमोर करा. भोक सरबताच्या पातळीच्या वर राहील अशी नळी धरा. आता अगदी हळू ओढा, मग जोरात ओढा. केव्हा किती सरबत येतं ते पाहा. मग भोकावर ओलं बोट ठेवून पुन्हा तसंच करा. काय फरक पडला? वहीत लिहून ठेवा. पण लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची!

आणि हो, चालू इंजिनात मात्र कधीही हात घालायचा नाही. पंखा बोटं कापतो, धुराची नळकांडी भाजतात. फट शोधायला काही जण पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. आमच्या गाडीत तर मॅनिफोल्डला लागूनच धुराचं तापलेलं नळकांडं असतं, क्षणात भडका उडेल. उदबत्तीचा धूर सोडून पाहावा असंही कुणाच्या मनात येईल. पण पेट्रोलजवळ निखारा नेणं म्हणजे संकटाला आमंत्रणच. मोठ्या गॅरेजांत धूर सोडून फट शोधायचं खास यंत्र असतं. ते जाणत्यांनीच वापरायचं. तुम्ही शेजारी, दूर उभे राहा, आणि प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न मात्र विसरायचा नाही हं. "काय बिघडलंय?" असं नाही विचारायचं. विचारायचं, "केव्हा बिघडतं?"